पाटावरचे प्लग

सत्तावन्न सालच्या नवमीला आमच्या घरी कीर्तन होतं, आणि नेमके त्याच दिवशी गाडीचे चारही प्लग हळदकुंकू लावून पूजेच्या पाटावर बसले होते.

गाडी जुनी, युद्धाच्या आधीची. सकाळी खोकत सुरू व्हायची, म्हणून यांनी आदल्या संध्याकाळी प्लग काढून काजळी खरवडली, रॉकेलनं धुतले. इथवर ठीक. पण खंडेनवमीला हत्यारं पुजतात, तेव्हा पाना-पकडीशेजारी सासूबाईंनी प्लगही मांडले आणि यांनी चकार शब्द काढला नाही. पुजलेल्याला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, हा घरचा रिवाज.

कीर्तनकार नागनाथबुवा उतरले होते साहेबलोकांच्या सिव्हिल लाइन्समध्ये, वसंतरावांच्या बंगल्यावर. गुडघे धरलेले, टांग्याचे हिसके सोसत नाहीत. दुपारी वसंतरावांचा चपराशी निरोप घेऊन आला: पाचपर्यंत गाडी आली नाही, तर कीर्तन आमच्याच दिवाणखान्यात उरकून घेऊ. उरकून, म्हणे. तिथं पूर्वरंगातच चहाचे ट्रे फिरतात. आणि आदर्श नगरच्या आमच्या बायका पोरंबाळं घेऊन एवढ्या लांब जाणार कशा? या परमुलखात वर्षातून एकदा मराठीत हरिनाम कानी पडायचं, तेही गेलं असतं.

मी यांना म्हटलं, प्लग बसवा. यांनी आईंकडे बोट दाखवलं. आई माळ ओढत म्हणाल्या, देवी कोपेल. लगेच हेही म्हणू लागले, मतलब, शास्त्र आहे, उद्या बघू. एरवी आंघोळीआधी दोनदा चहा पिणारा माणूस. माझं डोकंच फिरलं.

"देवीपुढे बसून देवाचं नाव अडवायचं, हे कुठलं शास्त्र, आई? म्हातारा माणूस झांजा घेऊन खोळंबलाय तिकडे."

"मी नाही उचलायची."

"नका उचलू. मी उचलते."

अक्षता वाहिल्या, नमस्कार केला, पूजा उतरली म्हणून पाट जरासा हलवला आणि प्लग ओच्यात घेतले. हळदीच्या पाण्यानं ओले झाले होते. तव्यावर शेकून कोरडे केले. यांनी ते मुकाट्यानं बसवले, हँडल मारलं. थोडं खोकून गाडी सुरू झाली.

बुवा वेळेवर आले. अंगण भरलं. आई माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या, पण नामाच्या गजराला टाळ्या त्यांच्याच सर्वांत मोठ्या. मागं हे शेजाऱ्यांना सांगत होते, की रिवाजाचं एवढं काय घेऊन बसायचं, मीच म्हटलं बसवून टाकू.

मी बुक्क्याची वाटी घेऊन रांगेतून निघाले. यांचं कपाळ तेवढं वगळलं आणि पुढे सरकले.