बदामाचं सोनं

शाळेनं माझ्या लेकीला, समिधाला पानगळीची पानं आणायला सांगितली. कुवेतमध्ये कसली डोंबलाची पानगळ! तरी शुक्रवारी नवऱ्यानं गाडी काढली आणि हवल्लीहून समुद्राच्या कडेकडेनं आम्ही निघालो. जिथं बघावं तिथं हिरव्यागार खजुरी. माझं डोकं तापत चाललं. शेवटी फहाहीलला बदामाचं एक झाड दिसलं, लालबुंद. समिधा धावत पानं वेचायला लागली.

झाडाखाली एक कोकणी सुतार बसला होता. आमचं मराठी ऐकून तो धडपडत उठला आणि हातातलं पान त्यानं माझ्या हातावर ठेवलं.

"ताई, सोनं घ्या."

आज दसरा! आमच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"सकाळपासून धरून बसलंय," तो म्हणाला, "देऊक कोणच गावलो नाय."

समिधानं वेचलेली सगळी पानं त्याच्या ओंजळीत घातली. शाळेसाठी एकही ठेवलं नाही.