माझं माझ्याशीच ठरलेलं लग्न

मी कासव बोलतोय. थांबा, आधी मान पूर्ण बाहेर येऊ द्या. आमच्यात घाईनं बोलायची पद्धत नाही. हं. तर मी एका लहानशा प्राणीबागेतलं कासव. एक कासव. हे ‘एक’ मुद्दाम ठासून सांगतोय, कारण परवापरवापर्यंत कागदोपत्री मी तीन होतो आणि त्या तिघांपैकी दोघांचं एकमेकांशी लग्न ठरलं होतं.

माझा जन्म हरणांच्या आवारातल्या वाळूत झाला. आईनं अंडी घातली आणि मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. आमच्यात असंच असतं, माझी काही तक्रार नाही. मला पहिल्यांदा उचललं ते हरणांची देखभाल करणाऱ्या मामांनी. मी त्यांच्या बुटाला धडका देत होतो, म्हणून त्यांनी माझं नाव पैलवान ठेवलं आणि आपल्या वहीत लिहिलं, ‘कासव, नर, एक.’ नर कशावरून ठरवलं कोण जाणे, पण बरोबर ठरवलं.

मोठा झाल्यावर मला कुंपणाखाली एक भोक सापडलं. पलीकडे बदकांचं तळं होतं आणि तळ्यावर मावशी होत्या. “अगं बाई, तू कुठून आलीस?” म्हणत त्यांनी मला काकडी दिली आणि वहीत लिहिलं, ‘कासव, मादी, एक, नवीन. नाव राणी.’ तोंडात काकडी असताना वाद कोण घालतो? तळ्याच्या पुढे, दुसऱ्या भोकापलीकडे, रोपवाटिका. तिथल्या माळीदादांनी माझं नाव धोंडू ठेवून तिसऱ्या वहीत तिसरं कासव जमा केलं. शेवटी रोपवाटिकेच्या नाल्यातून मी दिवे लागायच्या आत हरणांकडे परत.

इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं तुम्ही विचाराल. सोपं आहे. मामा मोजणी करतात सकाळी सातला, मावशी अकराला, माळीदादा चारला. तिन्ही वेळी मी जिथल्या तिथे! हजेरी मी आयुष्यात चुकवली नाही. जो तो आपल्या जागी अडकलेला, दुसऱ्याच्या आवारात जायला सवड कुणाला? चहाच्या सुट्टीत मात्र भांडण ठरलेलं.

“माझ्या पैलवानापुढे तुमची राणी म्हणजे चहाची बशी!” मामा म्हणायचे.

“राहू द्या मामा. माझी राणी पावलं कशी नाजूक टाकते, ते एकदा येऊन बघा.”

आपला तो बाब्या म्हणतात ना, तसं. बघायला मात्र कुणी कधी गेलं नाही.

खरं सांगतो, मी चैनीत होतो. सकाळी मामांचा कोबी, मग मावशींची काकडी. चार वाजता माळीदादांच्या गाजरापर्यंत पोटात तिळाएवढीही जागा उरायची नाही. ते बिचारे काळजीनं लिहायचे, ‘खात नाही.’ मग डॉक्टर भूक वाढवायचं कडू औषध पाठवायचे. त्या औषधानं सकाळी अशी भूक लागायची, की मामा लिहायचे, ‘भूक उत्तम.’ वजन वाढत गेलं आणि भोकातून जाताना माझं कवच खरवडायला लागलं.

अशात बागेच्या साहेबांनी नवा संगणक आणला. सगळ्या वह्या जशाच्या तशा त्यात भरायच्या, की बाग सुधारली, असा त्यांचा हिशेब. सहज म्हणून त्यांनी वह्या चाळल्या आणि टेबलावर थाप मारली. “नर आहे, मादी आहे, शेजारी शेजारी आहेत आणि इतक्या वर्षांत एकाच्या डोक्यात आलं नाही?” झालं! सिमेंटचं नवं आवार बांधलं गेलं. भिंती जमिनीत हातभर खोल, भोकाचं नाव नाही. गुरुवारी पैलवान आणि राणीला आत सोडायचं आणि पिल्लं होईपर्यंत बाहेर काढायचं नाही, असा हुकूम निघाला.

त्या चार भिंतींत बसून मी कुणाची वाट बघायची, माझीच? हळू का होईना, चालणं हेच माझं आयुष्य आहे हो. मी दोन दिवस नीट जेवलो नाही. म्हणजे दिवसाला एकदाच जेवलो.

सोमवारी एक ताई आल्या. संगणकात माहिती भरायला त्यांना बोलावलं होतं. ज्याला त्याला “तुमची वही बघू” म्हणायच्या, म्हणून सगळे त्यांना वहीवाल्या ताई म्हणू लागले.

“भरते साहेब,” त्या म्हणाल्या, “पण आधी आत्ताचं काम कसं चालतं ते बघू द्या.”

“मॅडम, त्यात बघायचंय काय? वह्या आहेत की.”

“वह्या बघते. मग त्या लिहिणाऱ्यांना बघते. मग ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना.”

“गुरुवारच्या आत काय ते बघा,” साहेब म्हणाले.

पहिल्या दिवशी ताईंनी तिन्ही वह्या एका टेबलावर ठेवल्या. त्या बिचाऱ्या वह्यांची ती पहिलीच भेट. पूर्वी कधीतरी कुंपण रंगवताना माझ्या पाठीवर रंगाचा थेंब पडला होता. मामांच्या वहीत निघालं, ‘पाठीवर निळा ठिपका.’ मावशींच्या वहीत, ‘पाठीवर निळी टिकली, छान दिसते.’ माळीदादांच्या वहीत, ‘निळा डाग, घासून जात नाही.’ ताईंनी पेन्सिल कानाला अडकवली आणि तिन्ही ओळी पुन्हा एकदा वाचल्या.

मंगळवारी त्यांनी तिघांना एकच प्रश्न विचारला, “ही तीन कासवं तुम्ही कधी एकत्र पाहिलीत का?” तिघंही म्हणाले, “आम्ही कुठे एकमेकांच्या आवारात जातो?”

बुधवारी सकाळी पावणेसातला ताई हजर! मामांची मोजणी झाली, मी निघालो आणि त्या माझ्या मागून निघाल्या. माणसाला माझ्या मागून चालताना तुम्ही पाहिलंय का? एक पाऊल टाकायचं आणि दहा जांभया द्यायच्या. पण या बाईंनी कंटाळा केला नाही. मी भोकात शिरलो तेव्हा त्या पोटावर आडव्या पडून बघत होत्या. मग फाटकातून धावत वळसा घालून तळ्यावर माझ्या आधी हजर. अकराच्या ठोक्याला मावशींनी हाक मारली, “आली माझी राणी!” आणि ताई बदकांच्या मधोमध बसून डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. बदकंही ओरडायला लागली.

पुढच्या वाटेवर ताईंनी मामांना आणि मावशींना सोबत घेतलं. आरडाओरडा ऐकून साहेबही आले. चार माणसं, पुढे मी, मध्येच मी गवत खायला थांबलो की सगळे थांबायचे. मला इतकं हसू येत होतं, पण कासवाला हसता येत नाही. चारला रोपवाटिकेत पोचलो.

“या धोंडूशेठ!” माळीदादा म्हणाले आणि मागची गर्दी बघून हातातलं गाजर तसंच धरून उभे राहिले.

मामांनी कपाळावर हात मारला. मावशी मात्र माझ्याकडे बघत राहिल्या. “म्हणजे माझी राणी नाहीच का?” त्यांनी विचारलं.

साहेबांचा चेहरा लाल झाला. “एक तर एक! त्याला नव्या आवारात टाका आणि सगळी भोकं बुजवा. संगणकात एका प्राण्याला जागेचा एकच रकाना आहे.”

मी मान आत घेतली. संपलं म्हटलं.

“साहेब,” ताई म्हणाल्या, “सातला, अकराला, चारला हा कुठे असतो ते ही तीन माणसं डोळे मिटून सांगतील. इतकी चोख नोंद बागेत दुसऱ्या कुणाची आहे? कासव बरोबर चाललंय. रकाना आपण बनवलाय, तो बदलता येतो.”

“आणि तिला आत कोंडलंत तर अकरा वाजता मी कुणाची वाट बघू?” मावशी म्हणाल्या. साहेबांपुढे त्या पहिल्यांदाच बोलत होत्या.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, “मग मॅडम, जागेत काय लिहायचं?”

आता संगणकात मी एकटा आहे. नावं तीन, जागा तीन, पुढे वेळा. भोकं शाबूत आहेत, एक तर माझ्यासाठी जरा रुंद केलंय. नवं आवार सशांना मिळालं आणि त्यांनी ते कुणी न सांगता महिन्याभरात भरून टाकलं. माझं कडू औषध बंद झालं. पण एका जेवणाचे तीन भाग झाले त्याला काय म्हणू? या सत्यशोधनात माझे दोन वेळचे कोबी-काकडी गेले, एवढं लिहून ठेवा.

तुमच्याही कचेरीत कधी काही नवं आणि झगमगीत येईल. आणा, जरूर आणा. पण त्याआधी एक दिवस काढा आणि जे चाललंय त्याच्या मागून चाला, माझ्या चालीनं. धावत गेलात तर तुम्हाला फक्त वह्या दिसतील.

चला, निघतो. मामांची मोजणी झाली. पूर्वी मी गुपचूप सटकायचो, आता भोकाशी पोचलो की मामा कुंपणावरून ओरडतात, “मावशी, पैलवान निघाला हो!” आणि पलीकडून उत्तर येतं, “येऊ द्या, येऊ द्या माझ्या राणीला!”