लुकिचचे पत्र आणि मी वाजले तो दिवस

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटी आहे. लाकडी मूठ आणि आत लोखंडी लोलक, एवढाच माझा पसारा. माझ्या जातीच्या बहुतेक घंटा आपली गोष्ट अभिमानाने सांगतात. मला मात्र ती सांगताना मान वर करवत नाही.

रशियातल्या वाल्दाईच्या एका ओतकामाच्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून वेरेश्नो गावच्या कापडगिरणीच्या मालकाने मला नेले. तो मला वाजवायचा आणि कारकून धावत यायचे. मग क्रांती झाली, मालक पळाला, गिरणी कामगारांची झाली आणि मी त्यांच्या समितीच्या टेबलावर आले.

समितीचे अध्यक्ष येव्सेय लुकिच कोरोबोव हे गिरणीतले रंगारी. त्यांचे हात कोपरापर्यंत निळे पडलेले होते, कितीही धुतले तरी तसेच. पहिल्याच सभेत शंभर माणसे एकदम बोलू लागली. लुकिचनी मला हलकेच दोनदा हलवले.

"एकेकानं बोला रे! माझे कान दोनच आहेत, आणि त्यातला एक मागांच्या खडखडाटानं गेलाय."

सगळे हसले आणि खरेच एकेक जण बोलू लागला. माझ्या आवाजानंतर माणसाचा आवाज स्पष्ट ऐकू येई. ते दिवस मला फार आवडत.

चिटणीस प्लातोन झिल्त्सोव याला लुकिचनीच नेमले होते. तो कामाला वाघ होता. कुणाला कुठे नेमायचे, कुणाला खोली द्यायची, कुणाचे धान्याचे कार्ड बंद करायचे, या सगळ्या याद्या त्याच्याजवळ असत. लुकिच गावोगाव सभा घेत फिरत आणि झिल्त्सोव याद्या लिहीत बसे. हळूहळू लोक लुकिचना नमस्कार करत, पण काम घेऊन झिल्त्सोवकडे जात.

१९२३च्या शरद ऋतूत लुकिचना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू लुळी पडली. हाक मारण्याइतका आवाज निघेना म्हणून मला त्यांच्या उशाशी ठेवले. डाव्या हाताने ते मला वाजवत आणि आग्निया धावत येई. ती समितीची टंकलेखिका होती, एका विणकराची लेक, जेमतेम बावीस वर्षांची. तेव्हा मी त्यांची वाचाच होते, मित्रांनो.

एके दुपारी त्यांनी तिला कागद घ्यायला लावला.

"लिही, पोरी. प्लातोनच्या हातात फार सत्ता गोळा झालीय. तो उर्मट आहे. विरोध करणाऱ्याची भाकरी तोडतो. त्याला काढा. माझ्या जागी कोण, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. कुणाला धाक नको."

"येव्सेय लुकिच, हे आत्ताच कशाला? बरे झालात की तुम्हीच सांगा ना."

"मी बरा होत नाही. पुढे लिही. चूक माझी आहे. प्लातोनला मीच नेमलं."

आग्नियाचा हात थांबला. "हे नको ना लिहायला. लोक तुम्हालाच नावं ठेवतील."

"ठेवू देत. तेच पहिलं लिही."

शब्द जुळवता जुळवता त्यांचे तीन दिवस गेले. शेवटी ते म्हणाले, "मी गेल्यावर सभेत वाच. सगळ्यांसमोर. त्याच्या हातात देऊ नकोस."

मार्चमध्ये लुकिच गेले. मला पुन्हा टेबलावर आणले. सभागृह खचाखच भरले होते. झिल्त्सोव भाषण करताना रडला. "लुकिच आपल्या सगळ्यांचा बाप होता," तो म्हणाला. मग अध्यक्षपदासाठी त्याचेच नाव पुढे आले.

आग्निया उभी राहिली. "त्या बापाचं पत्र आहे माझ्याजवळ. मला वाचायचंय."

"आण इकडे, मी वाचतो."

"तुमच्या हातात द्यायचं नाही, असं त्यांनी सांगितलंय."

मागे कुणीतरी फिसकन हसले. आग्नियाने वाचायला सुरुवात केली. "चूक माझी आहे…"

झिल्त्सोवने मला उचलले.

मी वाजले. दोनदा नव्हे, थांबलेच नाही. लोलक माझ्या अंगावर आदळत राहिला आणि मी ओरडत राहिले. आग्नियाचे ओठ हलताना मला दिसत होते. ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होती. जो माणूस माझ्या आवाजाने हाक मारत होता, त्याचेच शब्द मी बुडवले.

पण पहिल्या दोन रांगांना सगळे ऐकू आले होते. तिथे मात्र्योना नावाची विणकरीण बसली होती, आग्नियाची सख्खी शेजारीण. तिने मान खाली घातली. झिल्त्सोवने आपल्या नावाला मते विचारताच हात वर गेले, तिचाही गेला. इतिवृत्तात लिहिले गेले, 'दिवंगत अध्यक्षांनी आपली चूक कबूल केली. सभा शांततेत पार पडली.'

दुसऱ्या दिवसापासून गावात एकच उत्तर होते.

"काय होतं गं त्या पत्रात?"

"घंटी वाजत होती ना बाई. काही कळलंच नाही."

सगळ्या गावाने माझ्याआड तोंड लपवले. आग्नियाचे पत्र काढून घेतले, नोकरी गेली, पुढे तिला शिक्षा म्हणून उत्तरेकडे लाकडे कापायला पाठवले. मला मात्र घासूनपुसून लाल फीत बांधली. 'वेरेश्नोची शिस्त' म्हणून माझे कौतुक झाले. तेरा वर्षांनी झिल्त्सोववरच आरोप झाले आणि तो सभेत स्वतःच्या बचावासाठी उभा राहिला, तेव्हा मूठ दुसऱ्याच्या हातात होती. मी त्यालाही बोलू दिले नाही. मला त्याचा आनंद झाला नाही. मी पुन्हा तेच केले होते.

मग नवीन विजेची घंटा आली आणि मी गावच्या शाळेत आले. १९५६च्या हिवाळ्यात तिथल्या बाईंनी उत्तरेकडून परतलेल्या एका पिकलेल्या केसांच्या स्त्रीला मुलांशी बोलायला बोलावले. ती आग्निया होती. वर्गात गोंगाट चालला होता. बाईंनी मला उचलायला हात पुढे केला.

"राहू द्या, बाई," आग्निया म्हणाली. "बोलू दे त्यांना. मी थांबते."

ती थांबली. मुले आपोआप गप्प झाली. मग तिने ते पत्र सांगितले, पाठ केलेले, पहिल्या शब्दापासून. मागच्या बाकावर नातवाला न्यायला आलेली एक म्हातारी बसली होती. ती टेकत टेकत उठली.

"आग्निया, मी मात्र्योना. मी ऐकलं होतं गं. तेव्हाच. सगळं."

"ठाऊक आहे मला," आग्निया म्हणाली. "बत्तीस वर्षं झाली. बस, पाय दुखतील."

पण मात्र्योना बसली नाही. ती उभीच राहिली.

मित्रांनो, माझ्यावर आता हिरवा गंज चढला आहे. मला घासून चकचकीत करा, असे मी म्हणणार नाही. एवढेच मागणे आहे. माझ्या मुठीला हात घालावासा वाटला, तर आधी समोरच्याचे वाक्य पुरे होऊ द्या. आणि ऐकू आले असेल, तर त्याच दिवशी तसे सांगा.