दोन वेळांच्या मधला शनिवार

मी एक जुनी नोटीस आहे, मित्रांनो. पार्किंगची, तीही एका खासगी कंपनीची. माझे वय सहा वर्षे. त्या दिवशी माझ्याबरोबर छापल्या गेलेल्या चारेकशे नोटिसांपैकी बहुतेकींचे पैसे भरले गेले आणि त्या फाडल्या गेल्या. मी मात्र उरले.

माझा जन्म कार्डिफजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत झाला. मला कोणी हाताने लिहिले नाही. मजकूर आधीच ठरलेला होता. यंत्राने त्यात नाव, पत्ता, गाडीचा नंबर आणि दोन वेळा भरल्या, दोन छोटे फोटो छापले आणि मला पाकिटात सरकवले. माझा चेहरा पोलिसांच्या दंडासारखा होता. मी पोलिसांची नव्हते, नगरपालिकेचीही नव्हते. दुकानांमागची जागा सांभाळणाऱ्या कंपनीची ती मागणी होती. तरी पोस्टाच्या पिशवीत मला स्वतःचा रुबाब वाटला, हे कबूल करते.

माझ्या मधोमध असे छापले होते : ‘आपले वाहन शनिवारी सकाळी १०:०४ ते दुपारी ३:४७ या दरम्यान आमच्या आवारात पाहण्यात आले. कमाल मुदत दोन तास.’ खाली शंभर पौंडांचा आकडा होता, आणि चौदा दिवसांत भरल्यास साठचा.

पोस्टमनने मला दक्षिण वेल्सच्या एका दरीत, उतारावरच्या घरांच्या रांगेत, इडवल प्रोसर यांच्या दारातून आत टाकले. आजोबा एकोणऐंशी वर्षांचे होते. चौतीस वर्षे त्यांनी त्या दरीत बस चालवली होती. गावात इडवल नावाचे आणखी तिघे असल्याने त्यांना सगळे ‘इडवल बस’ म्हणत. त्यांनी मला वाचले, घडी घातली आणि पावाच्या डब्याखाली ठेवले. तिथे माझ्या कोपऱ्याला लोणी लागले. ते अजून आहे.

रविवारी त्यांची मुलगी नेरिस आली. तिने मला बाहेर काढले.

“बाबा, त्या शनिवारी तुम्ही औषधाच्या दुकानात किती वेळ होतात?”

“चिठ्ठी देण्यापुरता. ती पोरगी म्हणाली, औषधं साडेतीनला मिळतील. मग मी निघालो. दुपारी परत गेलो, घेऊन आलो.”

“आणि मधे?”

“वर, दफनभूमीत. दुसऱ्या दिवशी फुलांचा रविवार होता ना, थडगी सजवायचा. तुझ्या आईचा दगड घासला, डॅफोडिलची पिवळी फुलं वाहिली.”

“ते तर शुक्रवारी केलं म्हणाला होतात. फोनवर.”

आजोबा पावाच्या डब्याचे झाकण नीट बसवू लागले. जानेवारीत त्यांनी शेगडीवर किटली ठेवली होती आणि ते शेजारी गप्पा मारत बसले होते. किटली जळून काळी झाली. तेव्हापासून नेरिस त्यांची प्रत्येक चूक मनात जपून ठेवत होती. ती दुष्ट नव्हती. तिला भीती वाटत होती.

“यात लिहिलंय, बाबा. पावणेसहा तास तुम्ही गाडीत बसून होतात. आणि तुम्हाला आठवत नाही.”

मित्रांनो, ‘पावणेसहा तास’ हे शब्द माझ्यावर कुठेही नव्हते. ‘बसून’ हाही नव्हता. तो हिशेब तिने केला होता. पण माझी रचनाच अशी होती की वाचणाऱ्याने तो करावा. मला ओरडून सांगावेसे वाटले. पण जे छापले आहे त्यापलीकडे कागदाला बोलता येत नाही.

“पैसे मी भरते,” नेरिस म्हणाली. “पण गाडीची किल्ली माझ्याकडे राहू दे. आपण डॉक्टरांना दाखवू.”

त्यांनी किल्ली दिली, वाद घातला नाही. दफनभूमीच्या चढावर जाणारी बस केव्हाच बंद झाली होती. आता त्यांना तिथे कोणी नेले तरच जाता येणार होते.

त्यानंतरचे दिवस आठवले की मला जड वाटते. आजोबा रोज मला टेबलावर पसरत आणि भिंग घेऊन ते दोन फोटो पाहत : गाडी आत येताना, गाडी बाहेर जाताना. एकदा चहा गार होईपर्यंत पाहून ते स्वतःशीच म्हणाले, “बसलो असेन. बसलो असेन तिथेच.” शंभर पौंड मागायला निघालेल्या मी त्या माणसाकडून त्याचा एक अख्खा दिवस काढून घेतला होता.

गुरुवारी शेजारच्या ग्लेनिसबाई तव्यावरचे बेदाण्यांचे केक घेऊन आल्या. त्या पंचाहत्तरीच्या. तरुणपणी कोळशाच्या खाणीवर, दिव्यांच्या खोलीत कामाला होत्या.

“काय रे इडवल, ऐकलं ते खरं का?” त्या बसता बसता म्हणाल्या. “चौतीस वर्षं थांबा सोडून कुठे थांबला नाहीस, आणि औषधवाल्याच्या मागे सहा तास काय करत होतास? अंडी उबवत होतास?”

“मला ठाऊक नाही, ग्लेनिस.”

त्यांचे हसू गेले. त्यांनी मला ओढले, चष्मा लावला आणि माझ्यावर पट्टी ठेवली. एकेक ओळ, पट्टी खाली सरकवत. तोवर मला इतके नीट कोणी वाचले नव्हते, मला छापणाऱ्यांनीही नाही.

“गाडी उभी होती असं कुठे लिहिलंय?”

“वेळा आहेत की.”

“दहा चारला पाहिली, तीन सत्तेचाळीसला पाहिली. दोनदा पाहिली, बस. अरे, आमच्याकडे माणूस खाली उतरताना दिवा न्यायचा, वर आला की परत द्यायचा. प्रत्येक वेळी नोंद. काही जण सकाळी उतरायचे, दुपारी वर यायचे, संध्याकाळी पुन्हा उतरायचे. मी नुसता पहिला उतार आणि शेवटचा चढ लिहिला असता, तर साहेबाने मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. आणि मधे अपघात झाला असता, तर तो खाली नसताना आत शोधायला माणसं गेली असती.”

“मग यांना विचारायचं कसं?”

“जसं लिहिलंय तसंच. ‘दरम्यान पाहण्यात आले’ म्हणजे नेमकं काय? गाडी उभी कधी केली, हलवली कधी? मधे ती आवारात होती, याला पुरावा काय?”

ती तीन वाक्ये आजोबांनी आपल्या ताठ अक्षरात लिहून पाठवली. नेरिसला ते पटले नाही. मुदतीत साठ भरून मोकळे व्हावे, असे तिचे म्हणणे होते. या एका बाबतीत आजोबांनी तिचे ऐकले नाही.

तीन आठवड्यांनी दोन ओळींचे उत्तर आले. सद्भावना म्हणून मागणी रद्द करण्यात येत आहे.

“सुटलो बाबा,” नेरिस म्हणाली.

“तू सुटलीस. मला त्यांनी माफ केलंय.” आजोबांचा आवाज शांत होता. “मी माफी मागितली नव्हती. मी विचारलं होतं, माझी गाडी मधे कुठे होती.”

मग दुसरे पत्र गेले. आपल्याविषयी कोणत्या कंपनीने काही नोंद वा फोटो जपून ठेवला असेल, तर तो मागण्याचा हक्क तिथला कायदा देतो. ग्लेनिसबाईंनी ते वाचनालयातून विचारून आणले होते. महिन्याने जाड पाकीट आले, त्यात चार फोटो होते.

पहिला आणि चौथा माझ्यावर होतेच. दुसरा १०:३१ चा. गाडी बाहेर पडत होती, पण मागून बेकरीची गाडी चिकटून आल्याने अर्धी नंबरप्लेट झाकली होती. फाटकावरच्या नंबर वाचणाऱ्या यंत्राला ती वाचता आली नाही. तिसरा ३:३२ चा, गाडी पुन्हा आत येताना. चौथ्याची जोडी पहिल्याशी लावल्याने त्याला जोडीच उरली नाही, म्हणून यंत्राने तोही बाजूला टाकला होता.

नेरिस दुसरा फोटो बराच वेळ धरून होती. मागच्या काचेतून बादली दिसत होती, ब्रशचा दांडा दिसत होता आणि पिवळ्या फुलांचा भारा.

“मग शुक्रवार?” तिने हळूच विचारले.

“शुक्रवारी फुलं आणली. सांगताना गोंधळ झाला असेल. एवढं चुकतं गं माणसाचं.”

पर्समधून किल्ली काढून तिने माझ्यावर ठेवली. मग म्हणाली, “मला वर न्या. आईकडे. या वर्षी मी आलेच नाही.”

दोघे गेले. मी टेबलावर राहिले.

पुढे मला गावच्या चॅपलच्या, म्हणजे प्रार्थनाघराच्या, सभागृहात नेले गेले. नोटीस कशी वाचावी, हे ग्लेनिसबाई माझ्यावर बोट ठेवून लोकांना सांगत. माझ्या घड्या विरल्या, मग मी एका फाइलमध्ये गेले, आणि आता तिथेच आहे. आजोबांनी आणखी तीन वर्षे गाडी चालवली. एका सकाळी त्यांनी किल्ली स्वतःच नेरिसच्या हातात दिली. तेव्हा ती कोणी मागितली नव्हती.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मोठेपणी माझ्यासारखे कागद लिहाल. ते एखाद्या स्वयंपाकघरात, एकट्या माणसापुढे उघडले जातील. जे पाहिले ते स्पष्ट लिहा. जे पाहिले नाही, तिथे जागा कोरी सोडा. मी कागद आहे. कोऱ्या जागेचे मला ओझे होत नाही.