बोलणी न तोडणारी कुणाली

मी शहापूरच्या एका खासगी दवाखान्यातली साठवणपेटी बोलतेय. पोटात डिस्क, पाठीला वायर. स्कॅनची चित्रं सर्व्हर मला तुकड्यातुकड्यांनी पाठवायचा, मी ती जपायचे.

२००७ साली दवाखान्याचे संगणक सांभाळणाऱ्या शेणव्याच्या कुणालीनं मला सर्व्हरला जोडलं. जोडताना सर्व्हरची आणि माझी बोलणी होतात. एका वेळी केवढा तुकडा घेईन, ते मी सांगायचं. त्यावर घासाघीस नाही, कारण पोट माझं. काही गोष्टी जोडतानाच कायमच्या ठरतात. तुकड्याचं माप मात्र काम चालू असतानाही बदलता येतं. फक्त ती बोलणी मी सुरू करायची नाहीत. मी विनंती करायची, सुरुवात सर्व्हरनं. त्यानं वेळेत केली नाही, तर मी जोड तोडू शकते. हा नियम मला फार आवडतो.

एका दुपारी डोळखांबचा कोंडू मोहाच्या झाडावरून डोक्यावर पडला. त्याची चित्रं येत असतानाच माझी निम्मी मेमरी बंद पडली. एवढे मोठे तुकडे गिळवेनात. मी विनंती पाठवली. सर्व्हर गप्प.

"बंद करून परत चालू कर ना," डॉक्टर रितेश म्हणाले. "ठाण्याचे सर्जन चित्रांसाठी थांबलेत."

कुणालीनं पडद्यावरचा माझा निरोप वाचला. "बंद केलं तर आलेली चित्रंपण अर्धवट राहतील, सर. पेटी तुकड्याचं माप बदला म्हणतेय. बोलू द्या तिला."

दारात कोंडूची बायको काशी उभी होती. "मशीन थांबली का गो?"

"थांबली नाय, काकी. घास लहान करतेय."

कुणालीनं सर्व्हरला बोलणी सुरू करायला लावली. मी नवं, लहान माप सांगितलं. सर्व्हरनं मान्य केलं. बाकी ठरलेलं सगळं जसंच्या तसं राहिलं. चित्रं सावकाश आली, पण सगळी आली.

ठाण्याहून फोन आला. डोक्यात रक्त साकळलं होतं, ताबडतोब हलवा म्हणाले. कोंडू वाचला. भाताच्या कापणीनंतर स्वतःच्या पायांनी आला आणि कुणालीला नाचणीचं पीठ देऊन गेला.

आज माझ्या जागी नवी पेटी आलीय. चित्रं तिच्याकडे गेली, मी रिकामी आहे. मला भंगारात द्या, तक्रार नाही. सकाळी वायर काढायला कुणालीच आली. सरळ उपटली असती तरी चाललं असतं. पण तिनं आधी सर्व्हरकडून जोड सोडत असल्याचा रीतसर निरोप पाठवला, आणि माझं उत्तर येईपर्यंत वायरीला हात लावला नाही.