किटलीवरचा आळ

दुर्गाघाटाजवळच्या गल्लीत जुन्या पोथ्या स्कॅन करणारं एक छोटंसं कार्यालय आहे. तिथले सर्वांत जुने कर्मचारी वेणीमाधवकाका. त्यांच्या स्टीलच्या इलेक्ट्रिक किटलीला हात लागला की बोटं झिणझिणायची. स्कॅनरवर बसणारी हिमानी तर रबरी चपला घातल्याशिवाय चहा करायची नाही. काका त्यावर खूप हसायचे.

यंदा संस्थेने विजेच्या सगळ्या वस्तू तपासून घ्यायचं ठरवलं आणि मीटरची पेटी घेऊन मधुवंती आली. जवळच्याच ब्रह्माघाटावरच्या मराठी घरातली, विशीतली मुलगी. पास झालेल्या वस्तूला ती हिरवी चिठ्ठी लावणार, नापास झालेलीला लाल, आणि लाल चिठ्ठीची वस्तू परत वापरता येणार नाही, हे काकांच्या कानावर आधीच आलं होतं. त्यांनी सकाळीच किटली एका रिकाम्या बासनात गुंडाळून पोथ्यांच्या कपाटात ठेवली.

पंखे, संगणक, स्कॅनर सगळे पास झाले. अजून काही राहिलंय का, असं मधुवंतीने विचारलं. काका नाही म्हणाले.

हिमानी हळूच म्हणाली, "काका, किटली दाखवून टाका ना. मला रोज भीती वाटते."

काकांना हे नवीन होतं. ही पोरगी चपलांचा विनोद करते, असंच ते समजत होते. ते मुकाट्याने उठले आणि कपाटातून बासन घेऊन आले.

मधुवंतीने किटलीला मीटर जोडला, आकडे पाहिले, पुन्हा एकदा जोडला. किटली ठणठणीत होती. काकांचा चेहरा उजळला. पण मग झटका कशाने बसतो? रोज ती कुठे लावता, ते दाखवा, असं मधुवंती म्हणाली.

टेबलाखाली लाकडी एक्स्टेंशन बोर्ड होता. संगणक, स्कॅनर आणि किटली, तिन्ही त्याच्यावरच. तिने भिंतीतला प्लग काढून बोर्ड उघडला. भिंतीकडून आत तीनऐवजी दोनच तारा येत होत्या.

तिने समजावून सांगितलं, की संगणक आणि स्कॅनरमधून थोडीशी वीज गळतेच, ती अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जायला हवी. इथे ती तारच नाही, म्हणून ती वीज बोर्डातल्या जोडणीतून किटलीच्या अंगावर येते. एखादी वस्तू खरंच बिघडली असती, तर हा झटका जिवावर बेतला असता.

"बोर्ड कुणी केलाय हा?" तिने विचारलं.

हिमानी छताकडे बघायला लागली.

"मी," काका म्हणाले. पंधरा वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने केलेल्या त्या बोर्डाचा त्यांना फार अभिमान होता. त्यांनी पक्कड मागून घेतली, बोर्डाची तार स्वतःच कापली आणि हिमानीची माफी मागितली. ती लाजून आपल्या घरच्या हिंदीत म्हणाली, "अरे छोड़िए ना काका."

दुपारी इलेक्ट्रिशियन येऊन नवा बोर्ड लावून गेला. मधुवंतीने भिंतीतलं अर्थिंगही तपासलं. काकांनी किटलीत पाणी भरून बटण दाबलं. हिमानीने आधी एक बोट लावलं, मग अख्खा तळवा टेकवला आणि हसली.

चहा झाल्यावर काका मधुवंतीला गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला गेले. तिथे आवाज खाली आणून म्हणाले, "घरी माझ्या हातचे आणखी तीन बोर्ड आहेत. रविवारी येशील का?"

"रविवार कशाला?" मधुवंतीने पेटी दुसऱ्या हातात घेतली. "आत्ताच चला."