पाच माणसांचं दार

छापखान्यात त्याला सगळे मोजमापराव म्हणायचे. कागद कापण्याआधी दुसरे एकदा मोजत, हा तीनदा. गेल्या वर्षी वादळात समोरच्या घराचं छप्पर पत्त्याच्या पानासारखं उडालं, आणि ज्याला जमेल त्याने घरात एक पक्की खोली करावी असं सरकारी पत्रक आलं. तेव्हा त्याने जिन्याखालची कोठी रिकामी केली, फरशीवर मांडी घातली आणि टेप लावली. तो, बायको, दोन मुलं, आई. गुडघ्याला गुडघा लावून बसलं तर पाच. सहावं नाही.

भिंती काँक्रीटच्या होत्याच. राहिलं दार.

दाराला मदत करायला शेजारचा सुतार आला. मदत कसली, दार त्यानंच केलं म्हणा ना. दोन जाड प्लायवूड, मध्ये पोलादी पत्रा, बोटाबोटावर स्क्रू, भिंतीत पुरलेली लोखंडी चौकट आणि चार दणकट बिजागऱ्या. कोठी अरुंद, म्हणून दार बाहेर उघडणारं. दोन रविवार गेले. मिस्त्रीने घेतलं काय, तर आईच्या हातचा चहा. तोही कुरकुरत, "साखर कमी पडली काकू, माझ्यावर राग आहे का?"

शेवटी त्याने पिशवीतून एक हँडल काढलं. "आतून तीन कड्या झाल्या. आता हे बाहेरून लावतो."

"बाहेरून नको," मोजमापराव म्हणाला.

"मग उघडणार कसं?"

मोजमापरावाने खिशातून एक वाकवलेली सळी काढली. "हा हूक केलाय. दाराच्या या भोकातून घालायचा, आत आपोआप पडणारा खटका उचलायचा आणि ओढायचं. हँडल लावलं तर वादळात सगळी गल्ली आत शिरेल, मिस्त्री. जागा पाचांचीच आहे. मी मोजलीय."

मिस्त्री हसला. "आमच्या डोक्यावर नुसता पत्रा. म्हणजे आम्ही नवराबायको गल्लीतच आलो म्हणायचं!"

थट्टेतच म्हणाला. पण थट्टेलाही उत्तर लागतं. 'छे हो, तुम्ही कसले गल्लीतले,' एवढं म्हणायला काय जात होतं? मोजमापरावाने टेपचं बटण दाबलं. ती सर्रकन आत गेली. तेवढाच आवाज झाला. मिस्त्रीने हँडल पिशवीत टाकलं, "चहा झकास होता काकू," म्हणाला, आणि गेला.

आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात कप घेऊन उभी होती. "अरे, हेच का बोलणं झालं?"

"तुला नाही कळायचं, आई."

वादळ आलं ते भर दुपारी. भोंगा वाजला तेव्हा बायको आणि मुलं शाळेत होती. बायको तिथेच शिकवायची, आणि शाळेला पक्कं तळघर होतं. छापखान्यालाही होतं. सगळे जिना उतरले. घरी फोन लावावा म्हणून मोजमापरावाने खिशात हात घातला, आणि बोटांना हूक लागला.

तीनदा मोजणाऱ्याने हूक मात्र एकच केला होता. तो किल्ल्यांच्या जुडग्यात, जुडगा त्याच्या खिशात, आणि घरी आई एकटी.

फोन लागेना. तो जिन्याकडे धावला, तर फोरमनने कमरेला मिठीच घातली. "वेड लागलं का? बाहेर पत्रे उडतायत!"

पाऊण तास तो भिंतीशी बसून होता. शेजारी कोणी पुटपुटत देवाचा धावा करत होतं. त्यालाही करायचा होता. 'देवा, माझ्या आईला दार उघड,' एवढंच म्हणायचं होतं. पण ते दार बंद कोणी केलं होतं? मागायचं तरी कोणत्या तोंडानं?

वारा पडल्यावर तो पळत घरी आला. मिस्त्रीच्या घरावर पत्रा नव्हता, नुसतं आभाळ होतं. स्वतःच्या घरात काचांचा सडा. आणि जिन्याखाली, निखळलेल्या दाराला पाठ लावून, समोरच्या भिंतीला पाय रेटून मिस्त्री बसला होता. केसांत काच, दंडावर रक्त. दाराआडून आईचा आवाज येत होता, देवाचं नाव घेणारा, आणि तिच्यामागून वहिनींचा, म्हणजे मिस्त्रीच्या बायकोचा.

"काकू दारावर हात आपटत होत्या, ते भिंतीतून ऐकू आलं," मिस्त्री म्हणाला. "बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला होत्या म्हणून निभावलं. चारही पिना छिन्नीने ठोकून काढल्या, पहारीने दार सरकवलं, दोघींना आत बसवलं. पण हे धूड एकट्याला परत बसवता येईना. मग टेकून बसलो."

"तुम्ही... तुम्ही आत का नाही..."

"बाहेरून धरायला कोणी नको का?" मग तो जरा हसला. "आणि दोघीच आहेत आत. मोजून घ्या हवं तर."

बोलण्यात विष नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

दोघांनी मिळून दार बाजूला केलं. वहिनींपाठोपाठ आई बाहेर आली. लेकाकडे तिने एकदा पाहिलं, त्याच्या हातातल्या जुडग्याकडे पाहिलं, आणि ओल्या फडक्याने मिस्त्रीचा दंड पुसत म्हणाली, "आज साखर जास्त घालते हो."

देव कोणत्याही रूपात येतो, हे तिचं नेहमीचं बोलणं. आज तेही तिने ऐकवलं नाही.

दार पुन्हा चौकटीत बसलं, पिना जागच्या जागी गेल्या. मोजमापराव खाली बघत म्हणाला, "मिस्त्री, ते हँडल..."

"पिशवीत असेल. पिशवी कुठे असेल ते वाऱ्याला विचारा."

पिशवी चिखलात सापडली. हँडल बाहेरून बसलं. "बघा उघडून," मिस्त्री म्हणाला.

"तुम्ही उघडा."

मिस्त्रीने ओढलं. दार उघडलं.

"आत या," मोजमापराव म्हणाला. नजर फरशीवरच होती.

"अहो, आत्ताच तर बाहेर आले मी!" वहिनी म्हणाल्या. मग आपल्या उघड्या घराकडे बघत हळूच विचारलं, "पण आज राहू ना इथे? मावू आपण सगळे?"

टेप त्याच्या कमरेलाच होती.

"मावू," तो म्हणाला, आणि कोणाच्याही नजरेला नजर न देता त्यांच्या घराकडे चालू लागला, त्यांचं उरलंसुरलं उचलून आणायला.